सावद्याची वेफर्सची साइट गूगलवर का दिसत नव्हती: एसईओ आणि पेज स्पीड, अगदी पहिल्यापासून

मागच्या श्रावणात मावसभावाचा जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून फोन आला. घरचा केळी वेफर्सचा धंदा आहे त्याचा, सोबत मावशीच्या हातचे ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड. कुणाकडून तरी साइट बनवून घेतली होती आणि म्हणे, "भो, मी गूगलवर केळी वेफर्स टाकतो तर साऱ्या जगाचे वेफर्स दिसतात, माझेच दिसत नाही." रविवारी गेलो, ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो, त्या दिवशी जे जे सापडलं आणि नंतर दोन-तीन महिने जे जे दुरुस्त केलं ते इथं त्याच क्रमाने लिहितोय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अशी साइट करून बसलेले लोक मला सारखे भेटतात आणि दुखणं बहुतेकांचं हेच असतं. एसईओ म्हणजे गूगलसारख्या सर्चमधे आपलं पान दिसावं म्हणून साइटमधे केलेली दुरुस्ती, त्याला कोडिंग आलं पाहिजे असं काही नाही. वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, धरून सांगतो, आपल्याकडे छोट्या धंद्यांच्या साइटी जास्त करून त्यावरच असतात.

आधी एवढं डोक्यात बसवा की गूगल तीन कामं करतं. त्याचा बॉट, म्हणजे गूगलबॉट, एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचतो, त्याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेलं पान स्वतःच्या वहीत नोंदवतो, ते इंडेक्सिंग. आणि कुणी काही शोधलं की त्या वहीतली कोणती पानं आधी दाखवायची ते ठरवतो, ते रँकिंग. लोक थेट तिसऱ्यावर उडी मारतात, "पहिल्या नंबरवर कसं येऊ" विचारतात, पण माल मार्केट यार्डात पोचलाच नाही तर लिलाव कसला आणि भाव कसला. म्हणून पहिल्यांदा माल आत गेलाय का ते बघायचं.

आधी बघा, गूगलच्या वहीत तुम्ही आहात का

गूगलच्या सर्चमधे इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून कोलन, आणि त्याला चिकटून तुमचं डोमेन (साइटचा पत्ता) असं टाका, मधे जागा सोडू नका. तुमची पानं दिसली तर ठीक. भावाच्या साइटचं एकही पान आलं नाही. म्हणजे वेफर्स, स्पर्धा, मोठ्या कंपन्या हा विषयच नव्हता, साइट वहीत नव्हतीच.

कारण दहा मिनिटांत सापडलं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधे रीडिंग म्हणून पान आहे, तिथं खाली एक छोटा चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये अशा अर्थाचा. साइट बनवताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून त्यावर टिक करतात आणि काम झाल्यावर काढायची राहून जाते. त्याची तशीच राहिली होती, आठ महिने. त्या एका टिकने प्रत्येक पानात नोइंडेक्स असा आदेश बसतो आणि गूगल तो पाळतं. साइट नवीन असो की जुनी, हा चौकोन आजच उघडून बघा, खरंच सांगतो, मी हे एकाच ठिकाणी नाही पाहिलेलं.

मग गूगल सर्च कन्सोलला खातं उघडा. फुकट आहे, आणि एसईओ शिकणाऱ्याला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला डोमेनच्या डीएनएसमधे, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं त्या नोंदीत, एक ओळ टाकावी लागते, ते जमत नसेल तर जिथून डोमेन घेतलं त्यांना फोन करून टाकून घ्या. नंतर साइटमॅप सबमिट करायचा, म्हणजे तुमच्या सगळ्या पानांची यादी. वर्डप्रेस २०२० सालच्या ५.५ व्हर्जनपासून ही यादी आपली आपण बनवतं, त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, लागतंच असं नाही. शेवटी वरच्या पट्टीत तुमच्या मुख्य पानाचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. हे रोज पाच वेळा करून काही फायदा नसतो, एकदा केलं की थांबायचं, कधी दोन दिवसात नोंद होते कधी काही आठवडे लागतात.

अक्षरं खरी आहेत का

हा भाग मराठी साइटवाल्यांनी नीट वाचा, इंग्रजीतल्या शिकवण्यांमधे हा येतच नाही कारण त्यांना ही अडचणच नाही.

आपल्याकडे मजकूर कोण टाइप करतं? डीटीपीवाला. लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं सगळं त्याच्याकडे, आणि तो वर्षानुवर्षं श्रीलिपी नाहीतर कृतिदेववर काम करतो. या जुन्या फॉन्टांमधे पडद्यावर दिसायला "केळी" दिसतं पण फाइलीच्या आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते, फॉन्ट काढला की ती उघडी पडते. गूगल फॉन्ट बघत नाही, आतला मजकूर वाचतं, त्याला तिथं केळीही दिसत नाही आणि वेफर्सही. त्यामुळे मजकूर युनिकोडमधेच, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो त्या पद्धतीतच, हवा. तपासायला सोपं आहे, पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॅपवर स्वतःला पाठवा, मराठी दिसली तर युनिकोड, कचरा दिसला तर जुना फॉन्ट. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांनी वाचून घ्या, तिथं हमखास गडबड होते.

दुसरा प्रकार म्हणजे सगळी माहिती फोटोत. भावाच्या साइटवर भाव, वजन, पत्ता, फोन सगळं एका झगझगीत बॅनरवर होतं, खाली मजकूर म्हणून दोन ओळी. महत्त्वाचं ते चित्रात न ठेवता मजकुरात लिहा असं गूगल स्वतःच सांगतं. फोटो असू द्या ना, पण भाव आणि पत्ता खाली टाइप करा, आणि फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमधे फोटोत काय आहे ते सरळ लिहा, "मिरी लावलेले केळी वेफर्स, अर्धा किलो पाकीट" असं. हे वर्णन गूगलच्या कामाला येतंच, पण ज्याला दिसत नाही आणि जो फोन बोलका करून वापरतो त्यालाही तेच ऐकू येतं, म्हणून तिथं नुसते कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कोंबू नका.

पानाच्या पत्त्याचं म्हणाल तर मराठी अक्षरांचा पत्ता गूगलला चालतो, पण तो कॉपी करून पाठवला की देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं, "केळी" एवढा शब्द म्हणजे छत्तीस अक्षरं. व्हॉट्सॅपवर तो लांबलचक पत्ता बघून लोक व्हायरस समजतात. आम्ही पत्ते छोट्या रोमन अक्षरात ठेवले आणि पानावरचा मजकूर मराठीत.

लोक काय शब्द टाकतात

कीवर्ड रिसर्च म्हणजे एवढंच, की गिऱ्हाईक दुकानात येऊन जसं विचारतं तसंच ते फोनवर टाकतं. गूगलमधे "केळी वेफर्स" लिहून एंटर न दाबता थांबा, खाली जी यादी पडते ते लोकांचे खरे प्रश्न. निकालांच्या मधे लोक आणखी काय विचारतात याचा एक चौकोन येतो, तोही वाचा. गूगल ट्रेंड्सवर दोन शब्द शेजारी ठेवून कोणता जास्त शोधला जातो ते कळतं. आणि सगळ्यात भारी यादी तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सॅपमधे असते. आम्ही भावाच्या फोनमधले जुने मेसेज काढले तर तेच ते पाच-सहा प्रश्न: उपवासाला चालतात का, तेल कोणतं, किती दिवस टिकतात, पुण्याला पाठवाल का, बिबडे कच्चे देता का तळलेले. यातल्या एकाचंही उत्तर साइटवर नव्हतं! आम्ही प्रत्येक पदार्थाचं वेगळं पान केलं आणि ही उत्तरं साध्या बोलीत लिहिली.

नुसत्या "वेफर्स" या शब्दावर मोठ्या कंपन्यांशी झुंजण्यात अर्थ नाही. "उपवासाचे केळी वेफर्स जळगाव" किंवा "ज्वारीचे बिबडे घरपोच" असं शोधणारे कमी असतात पण ते घ्यायलाच आलेले असतात, आणि तिथं चांगलं मराठी पान फारसं कुणी लिहिलेलं नसतं. मला मनापासून वाटतं की आपली संधी इथंच आहे. जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला दोघांना २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरची माणसं ती नावं घेऊन शोधतात, आणि त्यांना उत्तर देणारं पान रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं असायला पाहिजे की नको? शब्दांची वेगळी रूपंही सहज येऊ द्या, कुणी वेफर्स म्हणतं कुणी चिप्स, कुणी बिबडे कुणी बिबड्या. पण एकाच ओळीत पाच वेळा तोच शब्द टाकू नका, त्याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि गूगल ते स्पॅममधे धरतं.

सणाचं एक गणित आहे. श्रावणाचे वेफर्स लोक श्रावणात शोधतात, पण पान त्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, ते वहीत जाऊन स्थिर व्हायला वेळ लागतो. आषाढी, श्रावण, नवरात्र यांची पानं दीड-दोन महिने आधी टाका आणि दरवर्षी नवीन पान न करता तेच पान सुधारा.

टायटल आणि बाकी किरकोळ

भावाच्या मुख्य पानाचं टायटल होतं "होम". सर्चमधे जी निळी मोठी ओळ दिसते ती बहुतेक वेळा इथून येते, गूगल कधी कधी स्वतः बदलतं पण सुरुवात तुमच्या टायटलपासूनच. आम्ही केलं "सावद्याचे केळी वेफर्स आणि ज्वारीचे बिबडे, घरपोच". प्रत्येक पानाचं टायटल वेगळं, महत्त्वाचा शब्द पुढे, आणि फार लांब नाही, लांब झालं की मोबाइलवर कापलं जातं. त्याखाली दिसणारी पानाची ओळख, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, दोन वाक्यं. त्याने रँक वाढत नाही, पण वाचून माणूस क्लिक करतो की नाही हे त्यावर असतं. आणि मेटा कीवर्ड्स म्हणून जो रकाना असतो तो मोकळा सोडा, गूगल तो रँकिंगला वापरत नाही हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय, तरी अजून लोक त्यात पन्नास शब्द भरण्याचे पैसे घेतात.

दुकान किंवा वर्कशॉप असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल नक्की करा. नाव, पत्ता, फोन जसं साइटवर तसंच तिथं, वेळ बरोबर, फोटो खरे. गिऱ्हाइकाला रिव्ह्यू मागा पण विकत घेऊ नका.

आता स्पीड, आणि इथं जरा बसा

साइट सुरू झाली, इंडेक्सही झाली, पण भावाच्याच फोनवर उघडायला एवढा वेळ लागायचा की तो म्हणाला, "वायफायवर तर पटकन उघडते ना भो." हीच फसवणूक असते. साइट बनवणारा ऑफिसच्या वायफायवर, चांगल्या लॅपटॉपवर बघतो, आणि बघणारा असतो चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला, दोन कांड्यांचं नेटवर्क आणि जुना फोन घेऊन. भावाच्या साइटचं मुख्य पान १४ एमबीचं होतं. हिशोब करा, २ एमबीपीएसचं नेट मिळालं तर १४ एमबी यायला ५६ सेकंद. एका मिनिटासाठी कोण थांबणार? पान ९०० केबीवर आणलं तर तेच काम चार सेकंदांच्या आत.

गूगल स्पीड रँकिंगमधे धरतं, डेस्कटॉपसाठी २०१० पासून आणि मोबाइलसाठी २०१८ पासून. आता त्यासाठी कोअर वेब व्हायटल्स नावाची तीन मापं आहेत. एलसीपी म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुतेक वरचा फोटो, किती वेळात दिसली, २.५ सेकंदांच्या आत चांगलं. आयएनपी म्हणजे बोट लावल्यावर पान किती लवकर हललं. २०० मिलिसेकंदांच्या आत. हे माप मार्च २०२४ मधे जुन्या एफआयडीच्या जागी आलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत एफआयडी ऐकलं तर गोंधळू नका. तिसरं सीएलएस, पान उघडताना मजकूर वरखाली उडतो का, ०.१ च्या आत. फोन नंबरवर बोट ठेवायला जावं आणि तेवढ्यात वरून बॅनर येऊन नंबर खाली सरकावा, तो हा प्रकार.

मोजायला पेजस्पीड इनसाइट्स, फुकट. पत्ता टाका आणि मोबाइलचाच रिझल्ट बघा. वर खऱ्या लोकांच्या फोनवरचा मागच्या २८ दिवसांचा अनुभव असतो, नवीन साइटला तो भाग रिकामा दिसेल कारण तेवढे लोकच आलेले नसतात. खाली ० ते १०० चा स्कोअर, तो एका टेस्टवरचा असतो, प्रत्येक वेळी थोडा बदलतो. १०० च्या मागे लागू नका. गूगल तो आकडा रँकिंगला घेत नाही, खऱ्या लोकांचा अनुभव घेतं, आणि त्याच्याही आधी पानात उत्तर आहे का ते बघतं. वेगवान पण रिकामं पान वर येत नाही.

दुरुस्ती फोटोंपासून करा, अर्धं दुखणं तिथंच. फोनने काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा असतो, आणि बघणाऱ्याचा पडदा जेमतेम हजार-बाराशे पिक्सेल रुंद. म्हणजे दहा पट जास्तीचा माल फुकट वाहून न्यायचा. रुंदी १२०० पिक्सेल करा, मग वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमधे सेव्ह करा, क्वालिटी ७५-८० च्या आसपास. स्क्वूश नावाची गूगलच्याच लोकांची साइट आहे, ब्राउझरमधेच फोटो लहान करून देते, आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी दिसतो. बहुतेक फोटो दीडशे-दोनशे केबीच्या आत येतात आणि वेफर्सचा रंगही उडत नाही. वर्डप्रेस ५.८ पासून वेबपी घेतं. आम्ही तीस फोटो केले, दोघं मिळून, दुपारच्या जेवणाच्या आधी संपले, नंतर मावशीने कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं.

खालचे फोटो लेझी लोडवर असू द्या, म्हणजे माणूस खाली सरकेल तेव्हाच येतील. पण सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोड लावू नका, तो उशिरा आला की एलसीपी बिघडतो. काही प्लगइन सरसकट सगळ्यांना लावतात, तिथं पहिला फोटो वगळायची सोय शोधा. आणि फोटोला रुंदी-उंची दिलेली असू द्या, मग ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो आणि मजकूर उडत नाही.

त्यानंतर सरकणारा स्लायडर. पाच फोटो, एकामागून एक. काढून टाका. मालकाला फार आवडतो, पण दुसऱ्या फोटोपर्यंत कोण थांबतं मला अजून दिसलेलं नाही, आणि पाचही फोटोंचं वजन आणि वर त्याची जावास्क्रिप्ट, म्हणजे ते हलवणारा कोड. भावाला हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. यूट्यूबचा व्हिडिओ आणि गूगल मॅप पानात थेट बसवला असेल तर तोही जड पडतो, त्याऐवजी एक साधं चित्र ठेवून त्यावर लिंक द्या. चॅटची उडती बटणं, पडणारी फुलं, मोजणी करणारे तीन-तीन कोड, हे सगळं आयएनपीला खातं.

फॉन्टकडे आपल्या लोकांनी खास बघायचं. देवनागरीला जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळ्यांचे आकार लागतात म्हणून फॉन्टची फाइल नुसत्या इंग्रजीपेक्षा मोठी असते. थीमने चार फॉन्ट आणि प्रत्येकाचे सहा जाडपणे उचलले असतील तर नुसत्या अक्षरांसाठीच पान अडून बसतं. एकच फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार, आणि फॉन्ट डिस्प्ले स्वॅपवर ठेवा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनचीच अक्षरं दिसतात आणि वाचणारा अडत नाही.

प्लगइन जे वापरत नाही ते नुसतं बंद नाही, डिलीट करा. कॅशिंगचं प्लगइन एकच ठेवा, दोन लावले की एकमेकांत अडकतात. कॅश म्हणजे तयार पान ठेवून देणं, दर गिऱ्हाइकाला नव्याने पीठ मळायला नको. होस्टिंगचा सर्व्हर, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तो, अमेरिकेत असेल तर प्रत्येक फेरीला साधारण २०० मिलिसेकंदांच्या वर जातात, मुंबईचा घेतला तर ते बरंच वाचतं. भावाचं होस्टिंग स्वस्तातलं आणि लांबचं निघालं, वर्ष संपायला वेळ होता म्हणून तोपर्यंत क्लाउडफ्लेअर, म्हणजे साइटच्या फोटोंच्या प्रती जवळच्या केंद्रावर ठेवणारी सेवा, तिचा फुकटचा प्लॅन लावला, त्यांचं मुंबईत केंद्र आहे, फोटो तिथून यायला लागले.

लिंक, आणि फोनवरचे लोक

दुसऱ्या साइटींनी तुमची लिंक दिली की गूगलचा विश्वास वाढतो, १९९८ सालची त्यांची मूळ कल्पनाच ती होती. पण लिंका विकत घेऊ नका, ते नियमाबाहेर आहे. तुमचा माल ठेवणारं दुकान, तुमच्यावर लिहिणारा खवय्या, कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलची यादी, अशा लिंका खऱ्या. स्वतःच्या पानांतही एकमेकांच्या लिंका द्या, वेफर्सच्या पानावरून बिबड्यांच्या पानावर.

आणि नंबर डोमेनच्या नोंदीत गेला की फोन येतील, "महिन्यात पहिल्या नंबरची गॅरंटी". अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. ठेवा फोन खाली.

मग वाट बघायची. आठवड्यातून एकदाच सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समधे जा, लोकांनी काय शोधलं तेव्हा तुम्ही दिसलात आणि कितींनी क्लिक केलं ते बघा. दिसतंय पण क्लिक नाही, तर टायटल बदला. दहा-पंधराव्या जागी अडकलंय, तर त्या पानात उत्तर अपुरं आहे, अजून लिहा. स्पीडची खरी मापं २८ दिवसांची असतात म्हणून आज फोटो बदलून उद्या आकडा शोधू नका.

भावाच्या सर्च कन्सोलच्या यादीत गेल्या आठवड्यात एक नवा प्रश्न आलाय, "वेफर्ससाठी कच्ची केळी कोणती घ्यावी". त्याचं उत्तर देणारं पान त्याच्या साइटवर नाही. मावशीला ते तोंडपाठ आहे, येत्या रविवारी तिच्याकडून विचारून लिहून घ्यायचंय.